परदेशी संशोधक दाराशी येतील तेव्हा

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, जांबोटीच्या बाजूनं खाली उतरते, पावसाळ्यात हब्बनहट्टीच्या मारुतीला पोटात घेते आणि पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात साठते. तिथून ती हुबळी-धारवाडच्या नळांत पोहोचते. मार्कंडेय नदीही याच डोंगरांतली, बैलूरजवळ निघणारी. तिच्यावरच्या राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगाव पितं. शहरं टिकावीत म्हणून आज जगभर जे संशोधन चालतं, त्यातल्या बहुतेक नकाशांची रेघ महापालिकेच्या हद्दीवर थांबते. जांबोटी त्या रेघेच्या बाहेर पडते. पाणी इथलं, दूध, भात, काजू, बांबू इथला, आणि उन्हाळी सुट्टीत किंवा पावसाळ्यातल्या रविवारी शहरातून येणारा प्लास्टिकचा कचराही इथेच पडणारा; तरी अभ्यासात आपण नसतो.

ही गोष्ट आताच लिहिण्याला कारण आहे. ३१ मे २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘सिटीज २.०’ या कार्यक्रमाला मान्यता दिली. फ्रान्सची विकास संस्था एएफडी आणि जर्मनीची विकास बँक केएफडब्ल्यू यांचं प्रत्येकी १० कोटी युरोंचं कर्ज, युरोपीय संघाचं १.२ कोटी युरोंचं तांत्रिक साहाय्य आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नगर व्यवहार संस्थेची देखरेख, असा हा कार्यक्रम. विषय चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे एकदा वापरलेली वस्तू कचऱ्यात न जाता पुन्हा कुणाच्या तरी कामाचा कच्चा माल व्हावी अशी व्यवस्था. त्यातही भर घनकचऱ्यावर. निवडलेल्या १८ शहरांचे करार ३ मार्च २०२५ रोजी जयपूरला झाले. त्या शहरांत बेळगाव आहे आणि पणजीही आहे. बेळगावहून जांबोटी, चोर्ला करत पणजीला जाणारा रस्ता ज्या दोन शहरांना जोडतो, ती दोन्ही एकाच कार्यक्रमात आहेत. मधल्या गावांचं नाव त्यात कुठे येणार, हे अजून ठरायचं आहे. ते ठरवण्यात आपला हात असावा, म्हणून हा लेख जांबोटी, कणकुंबी, आमटे, ओलमणी, पारवाड भागातल्या शिक्षकांसाठी, पंचायत सदस्यांसाठी, बचत गटांतल्या बायकांसाठी आणि बेळगावला कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिला आहे.

आपल्याच जिल्ह्यातून आणि शेजारून शिकण्यासारखं

परदेशी संशोधन आपल्याकडे नवं नाही. भीमगडच्या जंगलातली बारापेडे गुहा आणि तिथलं रॉटनचं वटवाघूळ हे एक जुनं उदाहरण. १९१३ साली लंडनच्या ऑल्डफिल्ड थॉमस यांनी त्या वटवाघळाचं शास्त्रीय नाव नोंदवलं. नाव इंग्रज अधिकाऱ्याचं लागलं. ज्यांना ती गुहा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, त्यांचं नाव त्या नोंदीत येण्याची तेव्हा रीतच नव्हती. आज ती रीत बदलता येते.

बदललेल्या रीतीचं उदाहरण बेळगावातच आहे. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतली विद्यापीठं यांनी मिळून बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी केली. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव मिसोप्रोस्टॉल नावाच्या साध्या, थंडाव्यात न ठेवता टिकणाऱ्या गोळीनं टळतो का, हा प्रश्न होता. १,६२० बायकांनी त्यात भाग घेतला. गोळी दिलेल्या बायकांत रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. ही गोळी हातानं दिली ती गावोगावच्या नर्सबाईंनी. प्रश्न आपल्या गावांचा होता, काम करणारे हात इथले होते आणि शिकलं जगानं. कचरा आणि पाणी या विषयांतही असंच होऊ शकतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं उदाहरण थेट मलप्रभेच्या पाण्याचं आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या शहरांच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं. त्याचा खरा फायदा किती, हे पाहायला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथले संशोधक हुबळी-धारवाडला आले. चोवीस तास पाणी असलेले ८ वॉर्ड आणि तसेच पण अधूनमधून पाणी येणारे ८ वॉर्ड निवडले, लहान मूल असलेली ३,९२२ घरं घेतली आणि सुमारे सव्वा वर्षात प्रत्येक घरी चार वेळा गेले. नळाचं आणि घरात भरून ठेवलेलं पाणी तपासलं. बंद राहून सुरू झालेल्या नळाचं पहिलं पाणी सर्वांत दूषित असतं, हे त्यात स्पष्ट दिसलं. आजारांचं चित्र मात्र गुंतागुंतीचं निघालं. सगळ्या घरांची सरासरी काढली तर जुलाबांत ठळक फरक नव्हता. पण कमी उत्पन्नाची घरं वेगळी काढून पाहिली, तेव्हा रक्ती जुलाब ३७ टक्क्यांनी कमी दिसले. टायफॉइड झालेली घरंही कमी होती.

यातून गावानं घेण्यासारखा धडा एकच आहे आणि तो फार मोलाचा आहे. सरासरीत गरीब माणूस हरवतो. म्हणून कुणीही संशोधक आला, की त्याला सुरुवातीलाच सांगायचं: आकडे काढाल ते जमीन असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे वेगळे, वाडीवस्तीवरचे आणि मुख्य गावातले वेगळे, बायकांचे आणि पुरुषांचे वेगळे. हे नंतर सांगून उपयोग नसतो, कारण प्रश्नावली आधी ठरते. आणि या अभ्यासाचा प्रश्न नळाचा होता, रानाचा नव्हता, हेही लक्षात घ्यावं. नळामागचं पाणी येतं कुठून, ते टिकवायला वरच्या गावांनी काय करायचं आणि त्याचा मोबदला कोणी द्यायचा, हा प्रश्न विचारायचा असेल तर तो आपणच विचारायला हवा.

तिसरं उदाहरण पुण्याचं. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीशी जोडलेल्या अभ्यासकांनी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीनं शहरातल्या कचरावेचक, भंगारवाले आणि पुनर्वापर करणाऱ्या कारखान्यांचा अभ्यास केला. तो २००१ साली पुढे आला. कचरावेचक बायका महापालिकेचा वाहतुकीचा खर्च किती वाचवतात, याचा हिशेब त्यात होता. त्यानंतर पुणे महापालिका त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरू लागली आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था शहराचं काम अधिकृतपणे करू लागली. संशोधन कोणाच्या हातात आहे, यावर त्याचं फळ कोणाला मिळणार ते बरंचसं ठरतं. पुण्यात ते कष्टकऱ्यांच्या संघटनेच्या हातात होतं.

आधी आपली वही

संशोधक येण्याची वाट पाहत बसू नका. ज्या गावाकडे स्वतःच्या नोंदी असतात, त्या गावाशी बोलणी वेगळ्या सुरात होतात. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लागते एक मोठी वही, दोन जबाबदार माणसं आणि वर्षभर न चुकण्याची शिस्त.

पाण्यापासून सुरुवात करा. ओढ्याचं वाहतं पाणी मोजायची सोपी रीत अशी: ओढ्याचा सरळ, सारखा भाग निवडा, १० मीटर अंतर खुणांनी पक्कं करा. पात्राची रुंदी आणि तीन-चार ठिकाणची खोली मोजून सरासरी काढा. वरच्या खुणेपाशी हलकं फळ किंवा लाकडाचा तुकडा सोडा आणि खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागले ते पाहा. तीन वेळा करून मधला आकडा धरा. समजा रुंदी २ मीटर, खोली ३० सेंटिमीटर आणि वेळ २० सेकंद. वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाचं पाणी पृष्ठभागापेक्षा हळू चालतं म्हणून ०.८ नं गुणा, ०.४ झाला. तो २ आणि ०.३ यांनी गुणला की ०.२४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला २४० लिटर. खडकाळ ओढ्यात प्रत्यक्ष पाणी याहून थोडं कमी असतं, पण दर वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीनं मोजलं की महिन्यामहिन्यातला फरक विश्वासार्ह मिळतो. पुराच्या पाण्यात मात्र उतरायचं नाही. तेव्हा पुलाच्या खांबावर रंगवलेल्या खुणा पाहून नोंद करा.

विहिरींसाठी एवढंच पुरे: महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, सकाळी पंप सुरू होण्याआधी, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर. शाळेत पर्जन्यमापक असेल तर उत्तम. तो झाडाच्या किंवा छपराच्या आडोशाला नको. हब्बनहट्टीचं मंदिर कोणत्या तारखेला बुडालं आणि कधी मोकळं झालं, याची नोंदही दर वर्षी ठेवावी. जुन्या माणसांना मागच्या वर्षांचं आठवत असेल ते वेगळ्या पानावर, सांगणाऱ्याच्या नावासह लिहावं. मोजलेलं आणि आठवलेलं एकत्र करू नये.

कचऱ्याची मोजणी लोकांना कमीपणाची वाटते, पण आजच्या घडीला याच आकड्यांना सर्वांत जास्त किंमत आहे. ताणकाटा, हातमोजे आणि सहा पोती घ्या. रस्त्याकडेचा ठरावीक टप्पा, धबधब्याच्या वाटेवरची जागा आणि गावातल्या वीसेक घरांचा आठवड्याचा कचरा, असे तीन वेगळे हिशेब करा. ओला कचरा, काच, पत्रा-डबे, जाड प्लास्टिक, वेफर्स-गुटख्याची पाकिटं आणि उरलेलं, असे सहा ढीग. पाकिटांचा ढीग स्वतंत्र ठेवायलाच हवा, कारण भंगारवाला तो घेत नाही. तो कोणत्या कंपन्यांचा आहे हे फोटोसह नोंदलं, तर वेष्टन बनवणाऱ्या कंपन्यांनी ते परत घेण्याची जी कायदेशीर जबाबदारी आहे, तिच्याबद्दल बोलताना हातात पुरावा राहतो. पावसाळ्यातला एक रविवार, जत्रेचा आठवडा आणि एक साधा आठवडा, अशा तीन वेळा तरी हे करावं. एकाच दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढला की कुणीही तो सहज खोडून टाकतो.

आणि ज्याचा कचरा होतच नाही त्याचीही नोंद हवी. शेण कुठे जातं, किती घरांचा गोबर गॅस चालू आहे आणि किती घरांचा बंद पडला, काजूची टरफलं कोण उचलतं, बुरूडकामातला बांबूचा चुरा कशाला वापरतात, घर पाडल्यावर कौलं आणि जांभ्याचे चिरे कुठल्या घराला लागतात. युरोपातल्या शहरांत इमारतीचं सामान पुन्हा वापरायला खास प्रकल्प काढावे लागतात. आपल्याकडे जुन्या घराचं लाकूड नव्या घरात जाणं अगदी सहज घडतं, म्हणून कुणी ते लिहून ठेवत नाही. खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. मातीच्या वस्तूंचं शास्त्र समजून घ्यायला तिच्यासारखी जागा जवळ असताना दूर जायची गरज नाही.

पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकांची जैवविविधता नोंदवही हवी. कायद्यानंच तसं सांगितलं आहे. ती वही कपाटात असेल तर बाहेर काढा. कोणीतरी घाईनं भरून दिलेली असेल तर दुरुस्त करा. ही कोरडी सरकारी वही पुढे तुमच्या फार उपयोगाची आहे. कारण खाली येतंच आहे.

कोणाशी जोडून घ्यायचं

गाव आणि परदेशी विद्यापीठ यांच्यामध्ये एक स्थानिक शिक्षणसंस्था असणं आवश्यक आहे. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, उद्यमबागला गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथले पर्यावरण, स्थापत्य किंवा समाजकार्य शिकवणारे एकदोन प्राध्यापक आधी गावात बोलावून वही दाखवा. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. आपल्या तालुक्यातला विषय मिळाला तर पोरं आनंदानं येतात.

उद्यमबागचं नाव निघालं म्हणून एक मुद्दा. बेळगावचे ओतकाम कारखाने हे या शहराचं मोठं वैशिष्ट्य. एक टन ओतीव मालासाठी कित्येक टन वाळूचे साचे लागतात. ती वाळू फिरवून फिरवून वापरली तरी काही भाग निकामी होतो आणि बाहेर टाकावा लागतो. जागतिक पर्यावरण निधी, संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था युनिडो आणि भारताचं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो यांनी लहान उद्योगांसाठी जो कार्यक्रम राबवला, त्यात कोईमतूर आणि इंदूरबरोबर बेळगावचा ओतकाम समूहही होता. म्हणजे आंतरराष्ट्रीय भागीदारीचा अनुभव असलेले उद्योजक इथेच भेटतात. त्यांना विचारा, परदेशी तज्ज्ञांबरोबर काम करताना काय जमलं आणि काय अडलं. पुस्तकातून मिळणार नाही असं ज्ञान त्यांच्याकडे आहे. बेळगावचा कचरा ज्या तुरमुरीला जातो, तिथल्या आणि आसपासच्या गावकऱ्यांशीही बोला. शहराच्या सोयीची किंमत गाव कसं मोजतं, ते त्यांना सोसून माहीत आहे.

परदेशी प्राध्यापकाला पत्र लिहायचं असेल तर ते तुमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांमार्फत आणि अर्ध्या पानाचं असावं. आमचं गाव सुंदर आहे, निसर्गरम्य आहे, इथे येऊन संशोधन करा, अशा पत्राला उत्तर येत नाही. आमच्या गावातून निघणारं पाणी अमुक शहर पितं, आमच्याकडे अठरा महिन्यांच्या प्रवाहाच्या नोंदी आहेत, पर्यटकांच्या कचऱ्याचे तीन मोजणीचे आकडे आहेत, वरच्या गावांना मोबदला देण्याची पद्धत कशी बसवावी हा आमचा प्रश्न आहे आणि तुमचा अमुक लेख आम्ही वाचला, अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता खूप वाढते.

कॉलेजातल्या मुलामुलींसाठी: युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमात (२०२१ ते २०२७) भारतीय संस्थांना भागीदार होता येतं, मात्र भारतीय बाजूचा पैसा दर वेळी मिळतोच असं नाही, त्या त्या योजनेची अट नीट वाचावी लागते. मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेतल्या पीएच.डी.च्या जागा कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुल्या असतात आणि त्यात पगार मिळतो. इरास्मस मुंडुस या पदव्युत्तर शिष्यवृत्त्याही तशाच खुल्या. पर्यावरण, पाणी, कचरा या विषयांचे अभ्यासक्रम त्यांत बरेच असतात. खानापूर तालुक्यातल्या मुलीनं तिथे अर्ज करताना गावच्या वहीत भरलेल्या नोंदी दाखवल्या, तर तो तिच्या अर्जातला सर्वांत वजनदार भाग ठरेल.

संशोधक आल्यावर विचारायचं ते

पहिला प्रश्न भाषेचा. आपल्या भागात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि संशोधकाच्या हातात इंग्रजी. माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीतून मिळालंच पाहिजे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते पूर्ण वाचून दाखवलं पाहिजे. घाईनं मागितलेल्या सहीला नाही म्हणायचा अधिकार प्रत्येकाला आहे. मधेच अभ्यासातून बाहेर पडण्याचाही आहे. दुभाष्या गावचाच मिळाला तर उत्तम, पण एकाच घरातला किंवा एकाच गटातला नको.

मग परवानग्या. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला संशोधन करता येत नाही, त्याला संशोधनाचा व्हिसा लागतो. भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे. तिथल्या अभ्यासाला वन्यजीव खात्याची लेखी परवानगी हवी. झाडपाला, बी, किडा, माती किंवा शेणातले जिवाणू, यांतलं काहीही परदेशी संशोधकाला घ्यायचं असेल तर जैवविविधता कायदा २००२ नुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. केंद्र सरकारनं मान्य केलेल्या भागीदारी प्रकल्पांना यात वेगळा मार्ग आहे. प्राधिकरणानं मान्यतेचा निर्णय घेताना स्थानिक जैवविविधता समितीचं मत घ्यायचं असतं. वर म्हटलेली नोंदवही इथे कामाला येते: वहीत नसलेल्या गोष्टीवर हक्क सांगणं अवघड जातं. आरोग्याशी संबंधित अभ्यास असेल तर स्थानिक नीतिसमितीची मान्यता आहे का, ते पाहा. या सगळ्यांच्या छायाप्रती पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे (पीडीओंकडे) जमा झाल्याशिवाय घरोघरी फिरणं सुरू होऊ नये, एवढा ठराव ग्रामसभेत करून ठेवा.

पैशाच्या बाबतीत कडक राहा, कारण इथे चांगल्या मनाची माणसंही अडचणीत येतात. परदेशी निधी घ्यायला परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसलेल्या मंडळानं किंवा बचत गटानं तो खात्यात घेऊ नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही तो निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. मग गावाला काय मिळावं? कामाची मजुरी, ज्या त्या माणसाच्या बँक खात्यात, कॉलेजमार्फत. नोंदी ठेवणाऱ्यांना ठरलेला दर. चहापाण्यावर आणि फोटोवर भागवू नका; घरोघरी फिरून माहिती जमवणारी मुलगी शहरात हेच काम करून पगार घेते.

निधी मधेच थांबतो, हेही गृहीत धरा. मार्च २०२१ मध्ये ब्रिटननं परदेशी मदत कमी केली तेव्हा तिथल्या संशोधन निधीच्या संस्थेला दिलेल्या आश्वासनांत १२ कोटी पौंडांची तूट आली आणि जगभरातले प्रकल्प अर्ध्यावर अडकले. म्हणून करारात लिहून घ्या: काम थांबलं तरी तोपर्यंतची सगळी माहिती महिन्याभरात गावाला मिळेल, आणि बसवलेलं यंत्र एक तर चालू ठेवायची तजवीज होईल किंवा काढून नेलं जाईल.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ साली स्वतःची संशोधन आचारसंहिता तयार केली. त्यांच्या औषधी वनस्पतींच्या ज्ञानावर आणि शरीराच्या नमुन्यांवर पिढ्यान्‌पिढ्या संशोधन झालं, पण त्यांना विचारलं गेलं नव्हतं. आता त्यांच्याकडे येणाऱ्या संशोधकानं आधी त्यांच्या मंडळासमोर आपला हेतू मांडायचा आणि अखेरीस निष्कर्ष परत आणून द्यायचे. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाच्या मदतीनं गरीब भागांतल्या संशोधनासाठी जी जागतिक आचारसंहिता तयार झाली, तिच्यामागे सान लोकांचा हा अनुभव होता. युरोपचा पैसा असलेल्या प्रकल्पातल्या संशोधकाला तिचं नाव घेऊन विचारलंत, तर तो बारकाईनं ऐकेल. सान लोकांचं मंडळ जे करू शकलं, ते आपली ग्रामसभा करू शकते.

म्हादईची गोष्ट ध्यानात ठेवून

आपल्या भागात पाण्याचा आकडा साधा राहत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादई नदीच्या जलतंटा लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं ३.९ टीएमसी कळसा आणि भंडुरा नाल्यांतून मलप्रभेत वळवण्यासाठी. गोव्याचा त्याला विरोध आहे, हुबळी-धारवाड ते मागतं आहे, आणि नाले आहेत आपल्या रानात. उद्या कणकुंबीच्या ओढ्यावर कोणी प्रवाह मोजत असेल, तर तो आकडा कुठल्या ना कुठल्या दाव्यात जाण्याची शक्यता आहे.

यावर माझं म्हणणं असं की मोजणी बंद करू नये, उलट जास्त काटेकोर करावी. आकडा कोणाच्या बाजूचा आहे हे न पाहता जसा आला तसा लिहावा. वहीची पानं क्रमांक घालून बांधावीत, खाडाखोड झाली तर मूळ आकडा दिसेल अशी एकच रेघ मारून शेजारी सही करावी, दर महिन्याला फोटो काढून तीन ठिकाणी ठेवावेत: शाळेत, पंचायतीत आणि कॉलेजात. बाहेरच्या संशोधकाला प्रत द्यावी, मूळ वही कधीही देऊ नये. ज्या गावाच्या नोंदींवर गोव्याचे, कर्नाटकाचे आणि परदेशाचे असे तिन्हीकडचे अभ्यासक विश्वास ठेवतील, त्या गावाला वगळून पुढची बोलणी करणं कुणालाच सोपं जाणार नाही.

मोजणी चालू ठेवली तरी बाहेरून येणाऱ्या काही कामांना सरळ नकार द्यावा. जे गावाच्या नकाशावर घरं, विहिरी, देवराई, औषधी झाडं यांच्या अचूक जागा मागतात आणि त्याचा उपयोग सांगत नाहीत, त्यांना. महिन्याभरात प्रश्नावली भरून हवी म्हणणाऱ्या, पण निष्कर्ष परत द्यायची तयारी नसलेल्यांना. आणि गावाला ‘लाभार्थी’ म्हणून कागदावर घालून निधी मिळवायचा आणि गावाला पत्ताही लागू द्यायचा नाही, अशा प्रस्तावांना. ज्या अर्जात गावाचं नाव आहे त्याची प्रत जरूर मागा.

अहवाल येतो तेव्हा बहुतेक गावं निवांत होतात, आणि खरं काम तेव्हाच असतं. मसुदा छापण्याआधी मराठी गोषवाऱ्यासह मागवा. ग्रामसभेत तो वाचा. जिथे चुकीचं वाटेल तिथे पान आणि ओळ लिहून दुरुस्ती कळवा. ज्यांनी नोंदी ठेवल्या त्यांची नावं लेखकांत किंवा निदान आभारात त्यांच्या संमतीनं आहेत का, ते पाहा. गावचे प्रश्न उत्तरांसह आहेत का, ते वेगळ्या यादीत तपासा. राहिले असतील तर पुढच्या टप्प्यात घ्यायला सांगा. शेवटी छापील दोन प्रती घ्या, एक पंचायतीच्या कपाटात आणि एक शाळेच्या ग्रंथालयात, आणि दोन्हींच्या पहिल्या पानावर वही कोणी, कोणत्या महिन्यापासून भरली ते लिहून ठेवा.